खिशातली लव

१

शनिवारी सकाळी नऊला ग्रोव्हर पिट्सच्या बंदुकांच्या दुकानात जायचं, काउंटरच्या डाव्या टोकाच्या उंच स्टुलावर बसायचं, खिशातलं पिस्तूल काढून साफ करायचं आणि ग्रोव्हरची कडूजहर कॉफी पीत त्याच्याशी भांडायचं, हा ओरिन टॅकेटचा एकतीस वर्षांचा नेम होता. एखाद्या रविवारी चर्चला दांडी पडायची, पण शनिवार चुकायचा नाही. ऑगस्टमध्ये ओरिन गेला. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी त्याच्या बायकोने, नोलाने, ते पिस्तूल रुमालात गुंडाळलं, गाडी काढली आणि नऊला दोन मिनिटं असताना त्याच स्टुलावर जाऊन बसली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. घरात बसून तरी काय करायचं होतं?

ग्रोव्हरने तिच्यासाठी कप काढला. कॉफी ओतली, साफसफाईची चिंधी आणि तेलाची बाटली पुढे सरकवली आणि नेहमीच्या जागेवरून भांडण सुरू केलं.

"मिस नोला, खरं सांगू? हे हत्यार नाही, ही नुसती कुरकुर आहे. याने एखाद्याला गोळी घातलीत ना, तर तो जवळ येऊन विचारेल, बाई, आत्ता मला काही चावलं का?"

नोला हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच हसली असेल. हा विनोद ती एकतीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकत आली होती. दर शनिवारी दुपारी घरी येऊन ओरिन ग्रोव्हरचं बोलणं जसंच्या तसं सांगायचा आणि वर आपलं उत्तर ऐकवायचा. ते उत्तरही तिला पाठ होतं.

"आणि तुमची ती मोठी तोफ आत्ता कुठे आहे, ग्रोव्हर? ट्रकमध्ये ना? जी जवळ असते तीच कामाची."

"अस्सा ओरिन!" ग्रोव्हर म्हणाला, आणि उगाचच मागे वळून खोकी नीट लावू लागला.

पिस्तूल खरोखर चिमुकलं होतं. पंचवीस कॅलिबरचं, तळहातात मावणारं, मॅगझिनमध्ये सहा गोळ्या, एकेक गोळी वाटाण्याएवढी. ग्रोव्हरचं म्हणणं असं की थंडीत माणूस जाड कोट घालून आला तर याची गोळी अस्तरातच दमून बसेल. शिवाय नेम लागायला समोरच्याच्या श्वासाचा वास यावा इतकं जवळ जावं लागतं. ओरिन म्हणायचा, माणूस भोकाला भीत नाही, बंदुकीला भितो. पळताना कोणी कॅलिबर विचारत नाही. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर भांडण एकतीस वर्षं टिकलं.

खिशात वागवायच्या पिस्तुलाची एक खोड असते. खिशाच्या तळाशी धाग्यांची मऊ लव साठते आणि ती नळीत, चापाच्या फटीत जाऊन बसते. म्हणून दर आठवड्याला साफ करायचं, आणि पिस्तुलाच्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही. ओरिनचं पिस्तूल उजव्या खिशात असायचं आणि डाव्या खिशात चिल्लर. विचार करताना तो डाव्या हाताने ती चिल्लर खुळखुळवायचा. नोला त्यावरून त्याला कितीदा ओरडली असेल, त्याला गणती नाही.

२

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी ग्रोव्हरने मॅगझिन काढलं, नळी रिकामी असल्याची खात्री करून घेतली, आत बारीक ब्रश फिरवला आणि पांढऱ्या चिंधीवर झटकला. चिंधीवर करड्या लवेचा लहानसा पुंजका पडला.

"म्हणजे तुम्ही वापरायला लागलात तर," तो म्हणाला. "बरं केलंत. नुसतं घरात ठेवून उपयोग नाही."

"मी कुठे वापरते? ओट्यावरच्या फळीवर बिस्किटांच्या डब्यात असतं ते."

"मग अ‍ॅप्रनच्या खिशात टाकलं असेल एखाद्या दिवशी."

नोलाने हो म्हणून टाकलं. वाद कशाला? पण तिचे सगळे अ‍ॅप्रन पांढरे किंवा फुलाफुलांचे, आणि गेल्या शनिवारी हेच पिस्तूल तिने स्वतः साफ करून, चिंधीवर एक ठिपका न दिसेपर्यंत पुसून, डब्यात ठेवलं होतं. घरी येताना तिने मनाशी ठरवलं की डब्यातच काहीतरी असणार. घरी येऊन तिने डबा पाहिला. डब्यात बिस्किटांचा चुरा होता, दुसरं काही नव्हतं. तिने डबा घासला, वाळवला, पिस्तूल ठेवलं, झाकण घट्ट बसवलं.

पुढच्या शनिवारी लव पुन्हा निघाली. या वेळी जरा जास्त. ग्रोव्हरने चष्मा नाकावर सरकवून पाहिलं आणि म्हणाला, "लोकर दिसते. चांगल्यापैकी सुटाची. आणि हा बघा, यात एक लाल दोरा पण आहे."

करड्या लोकरीत बारीक डाळिंबी रेघ. नोलाच्या हातातला कप काउंटरवर आपटला आणि कॉफी सांडली. ती पुसायला ग्रोव्हर वाकला, म्हणून त्याला तिचा चेहरा दिसला नाही.

त्या कापडाचा एकच सूट टॅकेटांच्या घरात होता. जॅनेलच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या, लग्नात ओरिनने शिवून घेतलेला. आता तो गावाबाहेरच्या दफनभूमीत, घरापासून चार मैलांवर, सहा फूट खाली होता.

३

नोलाच्या मनात एक गोष्ट काट्यासारखी रुतून बसली होती आणि ती तिने कोणालाच सांगितली नव्हती.

ओरिनने आयुष्यात मागणं असं काही मागितलं नाही. फक्त शेवटच्या वर्षी दोनदा-तीनदा म्हणाला होता, "मला रिकाम्या खिशाने पाठवू नकोस, नोला." त्यांच्याकडे ही पद्धतच होती. कोणाबरोबर त्याचा चाकू जायचा, कोणाबरोबर माशाचा गळ, तिच्या आजोबांबरोबर तर तपकिरीची डबी गेली होती. दफनाच्या सकाळी तिने पिस्तूल कोटाच्या उजव्या खिशात ठेवलंसुद्धा. मग कोटाची मागची चुणी सरळ करायला ती हात घालू लागली, तर अंत्यविधीवाल्याने हलकेच तिचं मनगट धरलं. "समोरून छान दिसतायत, बाई. मागून हात नका लावू." आणि तेवढ्यात जॅनेलचं लक्ष खिशाकडे गेलं.

"मॉम! अगं हे काय? तिथे कोणाला घाबरवणार आहेत डॅड?"

चार माणसं बघत होती. नोलाला शरम वाटली, आणि तिने स्वतःच्या हाताने पिस्तूल काढून पर्समध्ये टाकलं. झाकण लागलं. तेव्हापासून तिला ती शरम सलत होती.

आता लाल दोऱ्याचं काय करायचं? नोला काही खुळी नव्हती. चाळीस वर्षं तिने शाळेच्या भटारखान्यात तीनशे पोरांचा स्वयंपाक केला होता, तिला कारणं शोधायची सवय होती. कपाटात त्या सुटाबरोबर वर्षानुवर्षं लटकलेले दुसरे कपडे असतील. त्यांची लव तिच्या स्वेटरला लागली असेल, स्वेटरची रुमालाला आणि रुमालाची पिस्तुलाला. जमत होतं. ओढूनताणून का होईना, जमत होतं.

तिने रुमाल उकळत्या पाण्यात धुतला. डब्याला सुतळी बांधली, मांसाच्या गुंडाळीला बांधतात तशी उलटसुलट, आणि शेवटी स्वतःची अशी गाठ मारली जी तिच्या आईखेरीज कोणाला यायची नाही. वर लोणच्याच्या तीन बरण्या ठेवल्या. शनिवारी बरण्या जागच्या जागी होत्या आणि गाठही तशीच होती. तिने ती कात्रीने कापली, डबा उघडला आणि खिडकीच्या उजेडात पिस्तुलाच्या नळीत डोकावून पाहिलं. आत करडी लव होती. तिने बोट लावलं तर ती किंचित ओलसर लागली, आणि बोटावर तांबड्या मातीचे दोन कण आले.

४

जॅनेल स्प्रिंगफील्डला राहायची आणि दर रविवारी फोन करायची. त्या रविवारी नोलाच्या तोंडून गोष्ट निसटली. सगळी नाही, अर्धीच. पण अर्धीही जास्त झाली.

"मॉम, तू ते पिस्तूल घेऊन हिंडतेस आणि तुझ्या लक्षात राहत नाही, असं तर नाही ना?"

"मी काय हिंडतेय? डब्यात असतं ते."

"म्हणजे बघ ना. गेल्या महिन्यात शेगडी चालू राहिली होती." जॅनेलचा आवाज मऊ झाला, आणि नोलाला तिचा मऊ आवाज रागापेक्षा भयंकर वाटायचा. "थँक्सगिव्हिंगला येईन ना मी, तेव्हा तू माझ्याबरोबरच चल. कायमची. आधी एकदा डॉक्टरांना दाखवू. तिथे एकटी कशाला राहतेस त्या आडरानात? पलीकडच्या खोऱ्यात दोन घरांत माणूस घुसला, मी वाचलं."

नोलाने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहिली. हे घर ओरिनने आणि तिने स्वतः बांधलं होतं. प्रत्येक फळीचा खिळा तिला माहीत होता. विसरभोळी म्हणून इथून उचलून नेतील, आणि तिथे पाहुण्याच्या खोलीत, नातवंडांच्या खेळण्यांच्या खोक्यांशेजारी तिचा पलंग टाकतील. आणि समजा, खरंच विसरत असली तर? समजा, रोज दुपारी तीच डबा उघडत असली, तीच गाठ मारत असली, तर? त्या गाठीसारखी गाठ तिलाच येत होती.

सोमवारी ती ग्रोव्हरकडे गेली आणि त्याला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे लाल दोऱ्यापर्यंत.

ग्रोव्हरने हनुवटी खाजवली. मग म्हणाला, "सोपं आहे. ते माझ्या तिजोरीत राहू दे. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात. तुमच्या समोर साफ करतो, तुमच्या समोर ठेवतो. शनिवारी तुमच्या समोर काढू. म्हणजे तुमच्या डोक्यातून जाईल, आणि जॅनेलच्याही."

"आणि तोवर माझ्याकडे काय?"

ग्रोव्हरला हेच हवं होतं. त्याने काचेखालून अडतीस कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि तिच्या हातात दिलं. "याला म्हणतात हत्यार. उसनं देतो, वापरून बघा."

"अगं बाई! हे तर भरलेल्या किटलीएवढं जड आहे."

"जड आहे म्हणूनच थांबवतं."

शनिवारी ग्रोव्हरने तिजोरी उघडली. त्याने पिस्तूल बाहेर घेतलं, ब्रश फिरवला आणि चिंधीवर झटकला. चिंधीवर पुन्हा तीच करडी लव पडली. बाहेर रस्त्यावर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजत होती. ग्रोव्हरने चिंधीची घडी घातली, मग पुन्हा उलगडून पाहिली, जणू मधल्या वेळात ती कोरी होणार होती.

"तुमचं डोकं ठीक आहे, मिस नोला," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मी कोणाला सांगणार नाही. आणि मला यापुढचं काही सांगू नका. पण हे इथे नको. मी एकटा दुकान उघडतो सकाळी."

नोला पिस्तूल घेऊन घरी आली. आपण वेडी नाही याचा तिला आनंद व्हायला हवा होता. तिने डबा काढला नाही. मागच्या दाराशी भिंतीला लागून एक लाकडी तबक होतं, त्यात ओरिन रोज संध्याकाळी खिसे रिकामे करायचा. त्याच्या किल्ल्या, चाकू आणि शेवटच्या दिवसाची चिल्लर अजून तिथेच होती. तिने पिस्तूल त्यांच्या शेजारी ठेवलं.

"इथे ठेवते," ती मोठ्याने म्हणाली. "डब्यातून काढायचा त्रास नको."

५

तो माणूस मंगळवारी दुपारी दोनला आला. नोला सफरचंदांचा गोड लगदा शिजवत होती. तो ढवळताना हात सोडता येत नाही, नाहीतर तळाला लागतो. दार वाजलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत चिकट होते. तिने शेगडी बंद केली आणि कोपरानेच मागचं दार उघडलं.

"नमस्कार बाई. रस्त्यावरून दिसलं, तुमच्या छपराची एक कड उचललीय. स्वस्तात करून देतो."

माणूस तिशीतला, नीटनेटका, हसरा. पण छपराकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. तो तिच्या खांद्यावरून आत बघत होता, टीव्ही कुठे, कपाट कुठे, हे मोजत असल्यासारखा.

"नको. गरज नाही."

"एकट्याच का?"

एकट्या राहणाऱ्या बाईने अशा वेळी जे सांगायचं असतं तेच नोलाने सांगितलं. "नवरा आहे आत."

माणूस आणखी हसला. "असं होय? पेट्रोल पंपावर तर म्हणाले, टॅकेट ऑगस्टमध्येच गेले." आणि त्याने बूट उंबऱ्याच्या आत ठेवला.

अडतीसचं रिव्हॉल्व्हर झोपायच्या खोलीत होतं. पर्समध्ये. पर्स दाराच्या मुठीला. जड लागतं म्हणून ती घरात जवळ बाळगायची नाही. मध्ये अख्खं घर होतं. नोलाने दार ढकललं, पण तिचे हात चिकट आणि अडुसष्ट वर्षांचे होते. दार तिच्याच अंगावर आलं.

मग ते थांबलं.

माणूस तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या मागे बघत होता, तबकाच्या बाजूला, माणसाच्या कमरेच्या उंचीवर. मग त्याची नजर हळूहळू वर गेली. नोलाने त्याचा चेहरा बघितला आणि मागे वळायचं नाही असं ठरवलं. तिच्या पाठीशी, हातभर अंतरावर, चिल्लर खुळखुळत होती. डाव्या बाजूला.

"साहेब," माणूस म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "साहेब, तो हात खिशातच राहू द्या. मी चाललो. हा बघा, चाललो."

त्याने बूट मागे घेतला. एक पायरी उतरला, दुसरी उतरला. अंगणाच्या मध्यावर पोचल्यावर तो एकदाच थांबला, आणि जे बोलला ते नोला मरेपर्यंत विसरणार नव्हती. धमकी नव्हती ती. एखाद्या म्हाताऱ्याला बसमध्ये जागा द्यावी तशा आवाजात तो म्हणाला.

"बाई, त्यांना बसवा. त्यांना उभं राहवत नाहीये."

मग तो पळत सुटला. खडीवरून गाडी घसरत गेल्याचा आवाज आला. नोला दाराची चौकट धरून किती वेळ उभी होती कोण जाणे, भांड्यातल्या लगद्यावर साय धरली होती. वळली तेव्हा मागे कोणी नव्हतं. तबकात किल्ल्या होत्या, चाकू होता. पिस्तूल आणि चिल्लर नव्हती. संध्याकाळी दिवा लावायला गेली तेव्हा दोन्ही परत जागेवर होती.

६

"आणि अडतीसचं कुठे होतं?" ग्रोव्हरने शनिवारी विचारलं. त्या माणसाबद्दल तिने सांगितलं होतं, तिच्या पाठीमागचं नाही. ग्रोव्हरने विचारलंही नाही.

"झोपायच्या खोलीत. दाराच्या मुठीला."

"आणि हे?"

"जवळ."

ग्रोव्हरने मान हलवली. "एकतीस वर्षं भांडलो त्याच्याशी. हरलो म्हणायला तो असायला हवा होता."

त्याला ब्रशला हात लावायचा नव्हता, म्हणून पिस्तूल नोलानेच साफ केलं. चिंधीवर या वेळी माती बरीच होती. करडी लोकर कमी आणि पांढऱ्या सुताचे तुकडे जास्त. ग्रोव्हरने लांबूनच पाहिलं आणि नकळत बोलून गेला, "हे अस्तर आहे. खिसा फाटत आलाय."

नोलाने चिंधी मिटली. वजनाने खिसे फाटायचेच. वर्षातून दोनदा ती ओरिनच्या प्रत्येक पँटच्या उजव्या खिशाला आतून ठिगळ लावायची, आणि ओरिन शेजारी बनियनवर बसून वाट बघायचा. तिला आता भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा वाईट वाटत होतं ते दुसरंच. चार मैल. रोज चार मैल यायचे, चार मैल जायचे, त्या मोडक्या डाव्या खांद्याने, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी. का, तर बायको आडरानात एकटी राहते आणि तिने आपल्याला रिकाम्या खिशाने पाठवलं. घर सोडायचं नाही म्हणून ती इतके दिवस हट्टाला पेटली होती, आणि त्या हट्टाचं ओझं कोण वाहत होतं?

घरी येऊन तिने जॅनेलला फोन लावला. "बुधवारी ये. मी येते तुझ्याबरोबर."

पलीकडे जॅनेल रडायलाच लागली. "खरंच, मॉम? अगं, मला वाटलं होतं भांडावं लागेल."

मंगळवारी संध्याकाळी नोलाने दोन बॅगा भरल्या. मग तबकापाशी गेली. कितीदा तरी असंच ती याच जागी बोलली होती.

"खिसा फाटलाय ना? कोट काढून खुर्चीवर ठेव. शिवून देते."

७

बुधवारी सकाळी कोट खुर्चीच्या पाठीवर होता.

तिने तो लगेच उचलला नाही. आधी कॉफी केली, अर्धी प्यायली, शिवणाचा डबा आणला. कोट ओला होता आणि त्याला तळघरातल्या बटाट्यांसारखा वास येत होता. उजव्या खिशाचा तळ पार गेला होता. तिने हात घातला तर बोटं सरळ बाहेर आली. मग तिने कोट उलटा केला, आणि तिला कळलं की अंत्यविधीवाल्याने तिचं मनगट का धरलं होतं.

कोट मागून उभा चिरलेला होता, कॉलरपासून खालपर्यंत, सरळ कात्रीने. अंगात चढवायला सोपं जावं म्हणून. समोरून छान दिसत होते. आणि असा उघड्या पाठीने तो नोव्हेंबरातल्या थंडीत रोज तिच्या दाराशी उभा राहत होता.

नोला रडली, आणि रडताना सुईत दोरा ओवत राहिली. खिशाला तिने जाड डेनिमचं ठिगळ लावलं, दुहेरी. मग पाठ शिवली, छोट्या छोट्या टाक्यांनी, वरून खालपर्यंत. जॅनेल दोनला येणार होती. शेवटचा टाका घालून दोरा दाताने तोडला तेव्हा घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिने पिस्तुलाची नळी तपासली, सहा गोळ्यांचं मॅगझिन आत बसवलं आणि ते उजव्या खिशात ठेवलं. चिल्लर डाव्या खिशात.

"मी जॅनेलकडे चाललेय," ती म्हणाली. "तिथे कुलपं चांगली आहेत, शेजारी माणसं आहेत. तू दमलास. आता तू जाऊन पड. खिसा रिकामा नाही, आता काही बाकी नाही."

ओरिनचा डावा खांदा तारुण्यात मोडलेला होता, हात वर जायचा नाही. म्हणून दर रविवारी चर्चला निघताना ती त्याच्या मागे उभी राहून कोट धरायची. आजही तिने कॉलर दोन्ही हातांनी धरून कोट समोर उघडा धरला. आणि डोळे मिटले.

घर शांत होतं. फक्त फ्रीजची घरघर येत होती.

"आधी डावा हात," ती म्हणाली.

आधी काहीच झालं नाही. तिचे दंड भरून आले. मग डावी बाही जड झाली, हळूहळू, अडखळत, मनगटापर्यंत. मग उजवी. मग, नेहमीसारखे, खांदे एकदा हलले आणि कोट नीट बसला. कॉलरवर तिची बोटं तशीच होती. त्यांच्यावर दोन बोटं क्षणभर टेकली, थंडगार, मातीने खरखरीत, आणि उचलली गेली. नोलाने डोळे उघडले नाहीत. बाहेर खडीवर जॅनेलची गाडी वळत होती.

"मॉम? अशी हात वर करून काय उभी आहेस?"

"काही नाही. चल, निघू या."

"डॅडचं पिस्तूल नाही ना घेतलंस? घरात पोरं आहेत माझ्या."

"नाही. ज्याचं त्याला दिलं."

जॅनेलने त्याचा अर्थ विचारला नाही. तिने बॅगा मागे टाकल्या, आईला शेजारी बसवलं आणि गाडी काढली. चार मैलांवर दफनभूमीचं फाटक आलं. नोलाने काचेतून पाहिलं, ओरिनच्या बाजूच्या गवतावर ऊन पडलं होतं, सगळं जागच्या जागी होतं. तिने दीर्घ श्वास सोडला. आता पडेल तो निवांत, असं तिच्या मनात आलं, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचं अंग सैल झालं. फाटक मागे पडलं, हायवे लागला.

जॅनेल हसत हसत म्हणाली, "मॉम, ती चिल्लर वाजवू नकोस ना. अगदी डॅडसारखी करतेस."

नोलाने खाली पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि ते रिकामे होते.